खुंटीवरची छत्री

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकून बसलात तरी चालेल, पण आवाज पोचेल इतक्या अंतरावर बसा, कारण ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखी नाही. माझे मामा कीर्तनाला उभे राहिले की आधी असंच म्हणायचे, दाराशी घोटाळणाऱ्यांना हातानं पुढे बोलवायचे आणि सगळे सरकून बसेपर्यंत झांज धरलेल्या मला डोळ्यांनी थांबवून ठेवायचे. मामांसारखं आख्यान मला लावता येणार नाही. त्यांच्याकडे राजे होते, ऋषी होते, भक्तासाठी अनवाणी धावणारा देव होता. माझ्याकडे एक बस चालवणारे आजोबा आहेत, एक लहान मुलगी आहे आणि एक कापडी कासव आहे. पण देवानं कुठल्या आख्यानात उतरावं हे आपण कोण ठरवणार? ऐका तर.

संध्याकाळ होती, दिवे अजून लागायचे होते. शाळा सुटून मी घराकडे निघाले होते आणि चौकात सिग्नलपाशी थांबले होते. रस्ता नुकताच धुतल्यासारखा ओला, समोरच्या औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी त्यात उलटी पडलेली, आणि माझं मन नेहमीसारखं कुठेच नव्हतं. दिवसभर चिमुरड्यांना लाल-पिवळं-निळं शिकवून झालं की डोक्यात एक प्रकारचा कापूस भरतो. गाड्या जातात, माणसं जातात, सगळं त्या कापसापलीकडून. तेवढ्यात पाठीमागून कोणी तरी म्हणालं, "अगं बाई, सांडलं की गं सगळं."

मराठीत. अंगावर कोणी गार पाण्याचा हबका मारावा तसं झालं. परदेशातल्या या शहरात राहायला आल्यापासून दुसरं मराठी माणूस मी पाहिलेलं नव्हतं. आई होती तोवर रविवारी फोन यायचा. आई गेली आणि रविवारही गेला. भाऊ आहे, पण तो रोज सकाळी एका फुलाचं चित्र पाठवतो, त्याखाली जोडलेले हात, मीही उलट हात जोडते, की झालं आम्हा बहीणभावंडांचं बोलणं. माझी मराठी उरली होती ती पायाला ठेच लागण्यापुरती आणि दूध उतू जाण्यापुरती. आणि हे वाक्य तर आईचं. आई अस्संच म्हणायची, 'गं'वर जरा रेंगाळून, जणू सांडलेल्या वस्तूचीच समजूत काढते आहे. क्षणभर वाटलं, मागे वळले तर आई दिसेल, ओच्यात काही तरी गोळा करत असलेली. म्हणून मी वळलेच नाही. सिग्नल बदलला, बाजूची माणसं निघून गेली, मी तशीच उभी. मग माझ्या बुटाला येऊन एक सफरचंद लागलं.

वळले. फाटलेली कागदी पिशवी, घरंगळलेली सफरचंदं, ती गोळा करायला उकिडवी बसलेली छत्री आणि तिच्यावर वाकलेले तिचे आजोबा, बस चालवण्याच्या निळ्या गणवेशात. छत्री म्हणजे माझ्या इंग्रजीच्या वर्गातली एक मुलगी. तिला छत्री का म्हणायचं ते पुढे सांगते. आधी हे ऐका, की माझ्या वर्गात आल्यापासून ही मुलगी एक अक्षर बोललेली नव्हती. ना इंग्रजीत, ना त्यांच्या, म्हणजे इथल्या भाषेत. सफरचंद फ्रॉकला पुसत ती उठली, मला पाहिलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. आजोबांचा चेहरा मात्र उजळला. मला कळावं म्हणून त्यांच्या भाषेतला एकेक शब्द सुटा करत ते म्हणाले, "ऐकलंत ना, बाई? इंग्रजी. घरी आता दिवसभर बोलते. बाहुलीशी बोलते, चमच्याशी बोलते. तिची आई नोकरीला दूर गेल्यापासून घर कसं बंद पडलं होतं. आता तिच्या आईला कधी सांगतो असं झालंय मला." आणि टोपी काढून त्यांनी माझ्यापुढे मान लववली. मी सफरचंद त्यांच्या हातात दिलं. बोलणार काय? त्या माणसाला इंग्रजीचा गंध नव्हता, आणि मी मराठीच्या वासानं गांगरून गेले होते.

घरापर्यंतचा रस्ता त्या दिवशी कसा संपला ठाऊक नाही. जिना चढले, दिवा न लावता खुर्चीत बसले आणि डोळ्यांसमोर आमची शाळा उभी राहिली, रिकामी, मुलं गेल्यानंतरची. शाळा म्हणजे काय, एका इमारतीचा वरचा मजला. खाली कपडे धुण्याचं दुकान आहे, त्याची वाफ दिवसभर जमिनीतून वर येते, त्यामुळे आमच्या खिडक्या कायम धुरकट आणि मुलांची बोटं कायम काचेवर. सगळ्या वर्गाला साबणाचा आणि ऊबदार ओलसर कापडाचा वास. दाराबाहेर कोट टांगायच्या बुटक्या खुंट्या आहेत. मुलांना अक्षरं कळत नाहीत म्हणून प्रत्येक खुंटीवर एक चित्र चिकटवलेलं: मासा, किल्ली, चमचा, टोपी, छत्री. पहिल्या दिवशी ज्याला जी खुंटी मिळाली ते त्याचं नाव. आईबापांनी हौसेनं ठेवलेली नावं पटावर असतील तिथे असोत. आमच्यात मासा किल्लीला ढकलतो आणि चमचा टोपीची तक्रार घेऊन येतो.

आणि आमच्याकडे एक नियम आहे. बाईंना इंग्रजीखेरीज काही येत नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे ज्यांची ही शाळा आहे त्यांनी, मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मुलांना कळता कामा नये की तुम्हाला त्यांचं कळतं. कळलं की ती इंग्रजी बोलणारच नाहीत. तुम्ही बहिऱ्याचं सोंग घ्या, पण ते सोंग आहे हे दिसू देऊ नका." त्यामुळे त्यांची भाषा मला आता बऱ्यापैकी येत असूनही वर्गात मी ठार बहिरी. मुलं माझ्या तोंडावर माझ्याविषयी चर्चा करतात. "बाईंच्या मोज्याला भोक आहे." "त्यातून अंगठा बाहेर बघतो." "बाईंना नवरा नाही म्हणून." "नवरा मोजे शिवतो?" "माझे बाबा शिवतात." आणि मी तोंडावरची रेघ न हलवता फळ्याकडे बोट दाखवून इंग्रजीत म्हणायचं, हिरवा, हिरवा. सगळी सोंगं आणता येतात म्हणतात, पैशाचं येत नाही. अडाणीपणाचं सोंग मात्र फार अवघड, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

या सोंगात माझा जोडीदार कासव. हिरव्या कापडाचं, हातात घालायचं, लांब मानेचं. तेही म्हणे इंग्रजीच जाणतं. शिकवण्याची माझी रीत सगळी मामांची आहे, मोठ्या बाईंना ते ठाऊक नाही. मामा ध्रुपद दोनदा पूर्ण म्हणायचे आणि तिसऱ्या खेपेला शेवटचा शब्द सोडून द्यायचे, हात पसरून, मान तिरकी करून. तो शब्द श्रोत्यांचा. अख्खी सभा त्या रिकाम्या जागेत उडी मारायची. "शब्द आपण दिला तर तो आपलाच राहतो," मामा म्हणायचे, "जागा दिली तर त्यांचा होतो." मी रंगांच्या गाण्यात, फळांच्या गाण्यात, सकाळच्या हॅलोच्या गाण्यात तेच करते. ओळ म्हणायची, शेवटचा शब्द सोडायचा, कासवानं मान लांब करून वाट बघायची. मुलं किंचाळून जागा भरतात. छत्री भरत नसे. ती चटईच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि माझ्या ओठांकडे नाही, हातांकडे बघायची. मोठ्या बाई दारातून डोकावून विचारायच्या, "ही अजून नाही बोलत?" मी म्हणायचे, "ऐकते." "ऐकायला रेडिओ आहे, बाई. शाळा बोलायला असते."

मग हिला मराठी दिली कोणी? अंधारात बसून मी शोधत होते, आणि उत्तर तर समोरच्या खुंटीला टांगलेलं होतं. आजोबांची पाळी उशिरा सुटते. सगळी मुलं गेली की छत्री आपल्या चित्राखालच्या बाकावर पाय हलवत बसायची आणि मी वर्ग आवरायचे. वर्ग आवरताना मी एकटी असते, म्हणजे असते असं मला वाटायचं. एकटं माणूस काय करतं? बोलतं. बुटक्या खुर्च्या दुसऱ्या दिवसासाठी गोलात मांडताना एकेका खुर्चीला म्हणायचं, या, बसा. मामा म्हणायचे तसं. रंगाचं पाणी लवंडलं की अगं बाई, सांडलं की गं सगळं. कासवाला कपाटात ठेवताना तर रोजचं संभाषण: काय कासवराव, दमलात का? जेवलात का? मग छत्रीला कोट चढवताना, चल बाळा, हात घाल, दुसरा हात, शाब्बास, चला चला. हे मी तिला म्हणत होते का? कोटाला म्हणत होते, बटणांना म्हणत होते, कदाचित माझ्या आईला म्हणत होते, जिनं शेवटच्या आजारपणात, मी घरी गेले होते तेव्हा, माझ्याकडून असेच हात बाह्यांत घालून घेतले. दिवसभर मी त्या मुलांना जे दिलं ते नीट घडी घालून, इस्त्री करून दिलं होतं. आणि या पोरीनं उचललं ते काय, तर पदरातून नकळत गळलेलं.

दुसऱ्या दिवशी कोट हातात घेऊन मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि मुद्दाम गप्प राहिले. छत्रीनं हात घातला, थोडं थांबली, माझ्याकडे बघितलं. मग माझा शब्द माझ्याऐवजी तीच म्हणाली, "दुसरा हात." मी म्हणाले, "शाब्बास." ती म्हणाली, "चला चला." एवढंच. पण खालून वाफ येत होती, काचेबाहेरचे दिवे लोकरीच्या गोळ्यांसारखे दिसत होते, आणि मला वाटलं की ही खोली आता या शहरात नाही, कुठल्याच शहरात नाही, कोणी तरी जमिनीपासून थोडी वर उचलून धरली आहे. पुढचे दिवस तसेच गेले, पाण्याखाली चालावं तसे. वर्गात छत्री मुकीच. पण मुलं गेली की बाकावरून हळूच "सांडलं?" किंवा "कासवराव कुठाय?", आणि मी उत्तर द्यायचे, आणि माझ्याच आवाजाला माझे कान भुकेल्यासारखे टवकारायचे. कुठे, कशाला, थांब गं, हो की. साधे शब्द, पण मला त्यांना धार असल्याचं, चव असल्याचं नव्यानं कळत होतं. खोटं कशाला बोलू, मला हे संपायला नको होतं.

आणि संपवायला तर हवं होतं. हे मला आजोबांनीच, दारात टोपी हातात घेऊन, अजाणता सांगितलं. छत्रीची आई नर्स आहे. नोकरीसाठी दूर देशी गेली. जिथे गेली तिथे इंग्रजी चालते. तिनं तिथल्याच एका माणसाशी लग्न केलं होतं, आणि आता ती पोरीला कायमची न्यायला येणार होती. "जावयाला आमचं काही येत नाही. चांगला आहे म्हणते ती. पण बाई, माणूस कितीही चांगला असला तरी मुकं मूल समोर बसलं की त्याचा तरी जीव कसा जडायचा? म्हणून हिला तुमच्याकडे घातली. या रविवारी तो फोनवर येणारेय, तोंड दाखवून. पहिल्यांदाच. तुम्ही पण या. तुमच्याच हातचं आहे सगळं."

म्हणजे रविवारी ती पोर आपल्या नव्या बापापुढे बसणार आणि त्याच्याशी मराठी बोलणार. घरी येऊन मी देवापुढे बसले, पण देवही माझ्याकडे बघून हसल्यासारखा दिसला. काय करावं? आजोबांना सांगावं तर त्यांच्या आनंदावर विरजण. छत्रीला सांगावं, की बाळा, हे नव्हे, ते बोल, तर पुन्हा तोंड मिटून घेईल, आणि या खेपेला कदाचित कायमचं. गप्प राहावं तर परक्या माणसासमोर तिची फजिती. तिला काय कळणार, आपण बोलतोय आणि कोणालाच का समजत नाही? मामा गेले त्या वर्षी मी त्यांना विचारलं होतं, सभेत एखादा अगदी दगडासारखा बसलेला असतो, त्याचं काय करता? मामा म्हणाले, "त्याच्याकडे बघायचं नाही. त्याच्यासाठी गायचं." तेव्हा मला ते नुसतं छान वाक्य वाटलं होतं.

रविवारी कासवाला पिशवीत घातलं. मानेचा टाका उसवला होता, तो शिवायला घरी आणलं होतं. आजोबांचं घर वरच्या मजल्यावर, अरुंद, नीटनेटकं; गणवेश दारामागे हँगरला, बूट वर्तमानपत्रावर, खिडकीत एक कुंडी. मी घंटी वाजवली. दार उघडलं, आजोबा एक पाऊल मागे सरले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "या. बसा."

मराठीत. मामांच्या चालीत. 'या'नंतर तेवढीच जागा सोडून. आई गेल्यानंतर कोणी मला घरात बोलावून या, बसा म्हटलेलं नव्हतं. मी आत गेले आणि बसले. आजोबा खूश होऊन समोर बसले. त्यांच्या भाषेत म्हणाले, "कसं वाटलं? तिच्याकडून शिकलो. जावयाशी दोन शब्द तरी बोलता यावेत. आणखी येतं मला." आणि बोटांवर मोजत त्यांनी आपली सगळी पुंजी मांडली: "शाब्बास. चला चला. दुसरा हात. अगं बाई. चला चला तर मी बसमध्येसुद्धा म्हणतो, दारात गर्दी झाली की. लोक माना वळवून बघतात. वाटत असेल, ड्रायव्हर शिकलेला दिसतो."

आतल्या खोलीतून छत्रीचा बाहुलीशी बोलण्याचा आवाज येत होता. मी त्यांच्या भाषेत म्हणाले, "आजोबा, मला काही सांगायचंय."

ते चमकले. "तुम्हाला येतं की आमचं बोलता."

"शाळेत येत नाही. इथे येतं." त्यावर ते हसले, आणि ते हसत होते तोवरच मी सांगून टाकलं, कारण हसू ओसरलं असतं तर माझा धीरही ओसरला असता. "ती बोलते ते इंग्रजी नाही. माझी भाषा आहे ती. माझ्या घरची. वर्ग आवरताना मी एकटीच बडबडते, ते तिनं उचललं. इंग्रजीचे शब्दही तिच्या कानावर सगळे गेलेत, पण ते ती अजून एकदाही बोललेली नाही."

आजोबांनी मान खिडकीकडे वळवली. खालून एक बस गेली, तिचा आवाज त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, सवयीनं. मग म्हणाले, "म्हणजे मी बसमध्ये म्हणत होतो ते..."

"तेही माझंच."

"ही भाषा बोलतात कुठे?"

"खूप लोक बोलतात. लांब. इथे मी एकटीच."

"घरी?"

"घरी आता कोणी नाही."

त्यांनी तळहात गुडघ्यावर फिरवला. मला वाटलं, आता रागावतील, आणि रागावायला हवंच होतं. ते म्हणाले, "इतकी माणसं दिवसभर तिच्याशी बोलतात. मी बोलतो, शेजारीण बोलते. पोरीला तुमचंच का घ्यावंसं वाटलं असेल?" मी कासवाची पिशवी जवळ ओढली. "तुम्हीही कोणाची तरी वाट बघत बोलत असाल," ते म्हणाले. "तिला ते ओळखू आलं असेल. तीही वाटच बघतेय." मग आत नजर टाकून, अगदी हळू, "तिला चुकलीस म्हणून सांगणार?"

"नाही."

"मग ठीक आहे. आता जे व्हायचं ते होईल."

टेबलावर फोन उभा करून ठेवला होता, साखरेच्या डब्याला टेकवून. तो वाजला तेव्हा छत्री आजोबांच्या मांडीवर चढून बसली. पडद्यावर आधी तिची आई दिसली, पोरीसारखीच कपाळावर केस आलेली, आणि तिच्या शेजारी सरकत सरकत एक माणूस; टक्कल, लांब मान, आणि उंच गळ्याचा हिरवा स्वेटर. तो इंग्रजीत हॅलो म्हणाला. त्याचा आवाज थरथरत होता. एवढा मोठा माणूस, पण मला दिसलं, की हाही परीक्षेलाच बसला आहे. त्यानं तिला विचारलं, कशी आहेस? छत्रीनं तोंड मिटून घेतलं. आईनं त्यांच्या भाषेत म्हटलं, "बोल ना गं. आजोबा तर म्हणत होते, दिवसभर बोलतेस." छत्रीनं आजोबांच्या छातीत डोकं खुपसलं. आजोबांनी माझ्याकडे बघितलं नाही. बसचं चाक धरावं तसे त्यांचे दोन्ही हात टेबलाची कड धरून होते.

मी पिशवीतून कासव काढलं, हातात घातलं. छत्रीकडे बघितलं नाही. त्या रिकाम्या टेबलाकडे बघून सकाळचं हॅलोचं गाणं म्हटलं, एकदा पूर्ण, दुसऱ्यांदा पूर्ण, वर्ग आवरतानाच्या आवाजात, जणू खोलीत कोणीच नाही. आणि तिसऱ्यांदा शेवटचा शब्द सोडून दिला. कासवाची मान लांब झाली. खोली थांबली. पलीकडे दूर देशातली ती दोघंही थांबली. त्या थांबलेल्या जागेत मला मामांची झांज ऐकू येईल की काय असं वाटलं. आणि खरं सांगते, एवढी मोठी शांतता मी कुठल्या देवळातही ऐकलेली नाही. आजोबांच्या छातीतून, गणवेशाशिवायच्या त्या साध्या सदऱ्यातून, बारीक आवाज आला. शब्द. बरोबर तोच. मी पुढची ओळ घेतली, शब्द सोडला. आला. रंगांचं घेतलं, लाल आला, पिवळा आला, हिरव्याला तर तिनं डोकं वर काढलं आणि पडद्यावरच्या स्वेटरकडे बोट दाखवून इंग्रजीत सांगितलं, हिरवा. तो माणूस म्हणाला, हो, हिरवा, आणि त्याचे डोळे भरून आले, म्हणून त्यानं स्वेटरची मान वर ओढली आणि तोंड अर्धं आत घेतलं.

छत्रीनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्या हातातल्या कासवाकडे. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काही तरी उमटत गेलं, आणि फोनच्या अगदी जवळ जाऊन तिनं मोठ्या मायेनं विचारलं, "काय कासवराव, जेवलात का?"

मी कासव तोंडापुढे धरून हसू दाबलं. तो माणूस गोंधळला, मग एकदम उमगल्यासारखं त्यानं मान हलवली. त्याला वाटलं, हे या घरचं बोलणं. मुलीनं आपल्याला घरच्या नावानं हाक मारली. छातीवर हात ठेवून तो अक्षर अक्षर लावत म्हणाला, "कासवराव." मग तिच्याकडे बोट करून, "जेवलात का?" छत्री खिदळली. किती दिवसांनी ते आजोबांनाच माहीत. तिची आई मात्र हसली नाही. तिला दोन्ही भाषा येत होत्या आणि हे त्यातलं एकही नव्हतं. ती आपल्या वडिलांना म्हणाली, "बाबा, ही काय बोलली?"

आजोबांनी टेबलाची कड सोडली. एकदा माझ्याकडे बघितलं. "आमच्या घरची भाषा आहे," ते म्हणाले. "तुला नाही कळायची. तू लांब गेलीस."

छत्री हिवाळा सरताना गेली. खुंटीवर आता दुसरी छत्री आहे, ती फार बोलते, तिला गप्प बसवावं लागतं. वर्ग आवरताना मी अजून खुर्च्यांना या, बसा म्हणते. बाकावर कोणी नसतं. म्हणजे नसतं असं मला वाटतं. दूर देशातून बातमी येते, की तिथे जेवायला बसण्याआधी तिघं एकमेकांना 'जेवलात का' विचारल्याशिवाय घास उचलत नाहीत, आणि तो माणूस आपल्या कामावरच्या लोकांना सांगतो, बायकोच्या माहेरी बापाला कासवराव म्हणतात. तिच्या आईनं त्याला अजून काही सांगितलेलं नाही. शहाणी आहे. इकडे रविवारी मी त्या वरच्या मजल्यावर जाते. आजोबांना आता थांबा, हळू, पुढे चला, एवढं सगळं येतं, आणि एक पूर्ण वाक्य, ते त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं: आज घर फार मोठं वाटतंय. ते म्हणताना अजून अडखळतात, आणि मी शेवटचा शब्द सोडून वाट बघते.

तर झालं आख्यान. आता उठून घरी जाल, ताटं मांडाल, आणि कोणी ना कोणी तुम्हाला सहज विचारेल, जेवलात का? लगेच हो म्हणून मोकळे होऊ नका. घटकाभर थांबा. एका परक्या शहरात, बसच्या दारात गर्दी झाली असेल, आणि निळ्या गणवेशातला एक म्हातारा आरशात बघून चला चला म्हणत असेल. तेवढी त्याची आठवण काढा, आणि मग उत्तर द्या.